एप्रिल-मेमध्ये हिमालयात जाताना हिमस्खलनापासून कसे सावध राहावे: खान्देशातील ट्रेकर आणि यात्रेकरूंसाठी

एप्रिलच्या मध्यापर्यंत जळगाव-भुसावळचा पारा चाळिशी ओलांडतो, शाळांच्या परीक्षा आटोपतात, आखाजीचे वेध लागतात आणि पंजाब मेल किंवा झेलमचे आरक्षण करून उत्तरेकडे निघणाऱ्यांची गर्दी वाढते. कुणी मुलांना बर्फ दाखवायला मनाली-सिस्सूला जाते, कुणी केदारकंठा किंवा सर पास यांसारख्या ट्रेकला नाव नोंदवते, आणि गंगोत्री-यमुनोत्रीची दारे अक्षय्य तृतीयेलाच उघडत असल्यामुळे चारधामची मंडळीही याच सुमारास निघतात. आपल्याकडे तेव्हा कडक उन्हाळा असला, तरी तीन हजार मीटरच्या वरच्या उतारांवर हिवाळ्यात साचलेला बर्फ अजून जागेवर असतो, आणि एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवामान प्रणाली, येऊन एका रात्रीत त्यावर फूटभर नवा बर्फ टाकून जाऊ शकतो.

हा धोका केवळ शिखरे चढणाऱ्यांपुरता आहे, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथु-लाकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर बर्फ कोसळून सात पर्यटक मृत्युमुखी पडले. ते गिर्यारोहणाला नव्हे, तर सहलीला गेले होते. २३ एप्रिल २०२१ रोजी चमोली जिल्ह्यातील सुमना येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या वस्तीवर हिमस्खलन झाले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माणा गावाजवळ त्याच संघटनेच्या छावणीवर बर्फ आला, ५४ कामगार त्यात सापडले आणि त्यांतील आठ जण दगावले. रस्ता, छावणी आणि पायवाट या तिन्ही ठिकाणी माणसे सापडलेली आहेत.

म्हणून या लेखात सर्वांत जास्त भर एकाच गोष्टीवर आहे. वादळ थांबल्यानंतर किमान एक पूर्ण दिवस, आणि शक्य असेल तर दोन दिवस, बर्फाच्या तीव्र उतारावर किंवा अशा उताराच्या खाली जाऊ नये. आणि हा नियम प्रत्यक्ष पाळता यावा यासाठी ते दोन दिवस घरून निघतानाच आराखड्यात धरावेत. खान्देशातून जाणाऱ्या गटांना डोंगरापेक्षा परतीचे तिकीट जास्त घाई करायला लावते. दोन महिने आधी काढलेले आरक्षण परवाचे आहे, म्हणून खिंड आजच ओलांडली पाहिजे, हा विचार ज्या गटात शिरतो, त्या गटाला आकाशाचे आणि बर्फाचे कोणतेही लक्षण दिसेनासे होते.

बर्फ कशामुळे सुटतो

डोंगरावरचा बर्फ हा एकजीव ढीग नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, अशा थरांवर थरांनी तो बनलेला असतो. वसंतात दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, त्यामुळे पृष्ठभागावर कडक आणि गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. नव्या वादळाचा बर्फ या पापुद्र्यावर पडतो, आणि दोघांचा सांधा जुळायला काही तास ते काही दिवस लागतात. सांधा जुळण्याआधीच वरचे वजन फार झाले किंवा त्यावर माणसांचा भार पडला, तर वरचा थर सलग लादीच्या रूपात तुटून निघतो. त्याची चीर बहुधा माणसाच्या पायाखाली नव्हे, तर त्याच्या बरीच वर उमटते, आणि कोरड्या बर्फाची अशी लादी काही सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग घेते. पळून सुटण्याची कल्पना त्यामुळे मनातून काढून टाकावी.

अशी बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा सुटत नाही, आणि फार उभ्या कड्यावर तो साचण्याआधीच थोडाथोडा गळून जातो. चालायला बरा वाटणारा, फोटोत सुंदर दिसणारा, घसरगुंडी खेळावीशी वाटणारा उतार नेमका याच टप्प्यात येतो. युरोप-अमेरिकेतील नोंदी सांगतात की, हौसेने डोंगरात गेलेल्यांच्या जीवघेण्या अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा ते स्खलन सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्याच सोबत्यांनी सुरू केलेले असते. ही माहिती भीतिदायक असली, तरी माझ्या दृष्टीने तीच सर्वांत उपयोगाची आहे, कारण त्या उतारावर पाऊल न टाकणे आपल्या हातात असते.

किती बर्फ पडला यापेक्षा किती वेगाने पडला याकडे अधिक लक्ष द्यावे. चोवीस तासांत साधारण ३० सेंटिमीटर नवा बर्फ, किंवा काही तास सलग तासाला दोन-अडीच सेंटिमीटरचा वेग, ही थांबण्याची स्पष्ट खूण आहे. वारा असेल तर हा हिशोब आणखी बिघडतो, कारण वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून धारेपलीकडच्या आडोशाच्या अंगावर आणून टाकतो, आणि तिथे प्रत्यक्ष हिमवर्षावाच्या कितीतरी पट वेगाने साठा होतो. तंबूजवळ वीतभरच बर्फ दिसत असताना धारेमागच्या घळीत तो छातीएवढा असू शकतो. धारेच्या कडेला वाऱ्याने बांधलेला बर्फाचा सज्जा दिसला, तर त्याच्यावर आणि त्याच्याखाली, दोन्हीकडे, जाण्याचे टाळावे.

वादळ थंडीने सुरू होऊन पुढे उबदार होत गेले, तर खाली हलका आणि वर जड बर्फ अशी उलटी रचना होते आणि ती अधिक धोकादायक असते. वसंतातल्या वादळात अनेकदा नेहमीच्या बर्फाऐवजी साबुदाण्यासारखे पांढरे गोल दाणे पडतात. हे दाणे घरंगळत कड्यांच्या पायथ्याशी आणि घळींत साचतात, आणि पुढचा बर्फ त्यांच्यावर बसला की तो थर फार सहज सरकतो. हातमोज्यावर असे दाणे पडताना दिसले, तर त्या दिवसाच्या नोंदीत ते अवश्य लिहून ठेवावे.

निघण्यापूर्वी

मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी येतो, गारपिटीने गहू-हरभरा आडवा होतो आणि केळीची पाने फाटतात, तेव्हा त्यामागे अनेकदा उत्तर भारतावरून सरकणारा पश्चिमी विक्षोभच असतो. दरवेळी असे जुळेलच असे नाही, पण यावल-रावेरकडे गारा पडल्याची बातमी आली आणि आपली गाडी चार दिवसांनी असेल, तर त्याच दिवशी हिमाचल आणि उत्तराखंडचा हवामान अंदाज उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. भारतीय हवामान विभागाची सिमला, डेहराडून आणि श्रीनगर येथील केंद्रे त्या त्या भागाचे इशारे देतात. डीआरडीओची डीजीआरई ही चंदीगडची संस्था हिमस्खलनाच्या धोक्याची पत्रके काढते. त्यांत जिल्हा, साधारण किती उंचीच्या वर धोका आहे आणि त्याची पातळी दिलेली असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ अ‍ॅपही फोनमध्ये घालून ठेवावे. मात्र पत्रक संपूर्ण जिल्ह्यासाठी असते आणि आपल्याला एकच विशिष्ट उतार ओलांडायचा असतो, त्यामुळे पत्रकात धोका मध्यम असला म्हणून समोरचा उतार सुरक्षित ठरत नाही.

ट्रेक आयोजित करणाऱ्यांना पैसे भरण्याआधी स्पष्ट प्रश्न विचारावेत. बर्फ पडला तर किती दिवस थांबण्याची सोय आहे, खिंड रद्द झाल्यास दुसरी वाट कोणती, निर्णय कोण घेतो, आणि गटासोबत ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा संदेश पकडणारे, अंगावर बाळगायचे यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब सळई) व फावडे असते का, याची उत्तरे नेमकी मिळाली पाहिजेत. आपल्याकडच्या बहुतेक व्यावसायिक ट्रेकमध्ये ही तिन्ही साधने प्रत्येकाकडे नसतात. ती नसतील, तर गाडलेल्या माणसाला वेळेत शोधण्याची आशा फार थोडी उरते, आणि मग ३० अंशांच्या वरचा बर्फ टाळणे हेच एकमेव संरक्षण राहते. असा गट केवळ अनुभवी वाटाड्याच्या भरवशावर तसा उतार ओलांडत असेल, तर मी त्या गटासोबत जाणार नाही.

उताराचा कोन मोजण्याचा सराव मात्र घराजवळच करता येतो, आणि तो केल्याशिवाय निघू नये. सारख्या लांबीच्या दोन ट्रेकिंगच्या काठ्या घ्याव्यात. एक काठी अगदी आडवी, जमिनीशी समांतर धरावी आणि तिचे डोंगराकडचे टोक उतारावर टेकवावे. दुसरी काठी पहिलीच्या दरीकडच्या टोकापासून सरळ खाली सोडावी. उतार या दुसऱ्या काठीला निम्म्याच्या आतच भेटला, तर तो २७ अंशांहून कमी आहे. निम्म्याच्या थोडे पुढे भेटला, तर तो ३० अंशांचा आहे. आणि काठी पूर्ण संपल्यावर भेटला, तर ४५ अंशांचा आहे. म्हणजे काठी निम्म्याच्या पुढे गेली की तो उतार आपला नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते. धुळ्याजवळ लळिंगच्या चढावर, तोरणमाळच्या घाटात किंवा अस्तंभ्याच्या वाटेवर हे दहा-बारा ठिकाणी करून पाहिले की डोळा तयार होतो. सुरुवातीला अंदाज किती चुकतो हे पाहून बहुतेकांना धक्का बसतो, कारण खालून वर पाहताना उतार उभा वाटतो आणि वरून खाली उतरताना, विशेषतः धुक्यात, तोच सपाट वाटतो. फोनमधील कोनमापक काठीवर ठेवूनही हे मोजता येते, पण थंडीत बॅटरी उतरते, म्हणून काठ्यांची रीत हाताशी असावी.

वादळात आणि वादळानंतर

वादळ चालू असताना करायचे काम थोडेच आहे: थांबावे. फक्त मुक्कामाची जागा तपासून पाहावी. तंबू ज्या पठारावर आहे त्याच्या वर तीव्र उतार आहे का, जंगलातून खाली उतरणारा झाडे नसलेला पट्टा आहे का, कडेच्या झाडांच्या डोंगराकडच्या फांद्या मोडलेल्या आहेत का, जुन्या बर्फाचे ढेकूळमिश्रित ढीग पडलेले आहेत का, हे पाहावे. यांतले काही दिसले, तर ती बर्फ उतरण्याची नेहमीची वाट आहे असे समजून उजेड असतानाच दाट झाडीत किंवा रुंद सोंडेवर मुक्काम हलवावा. आपण सपाटीवर आहोत म्हणून सुरक्षित आहोत, हा विचार करू नये. वरचा साठा सुटला की तो सपाटीवर येऊनच थांबतो.

खरी परीक्षा वादळ ओसरल्यावर असते. रात्री आकाश मोकळे होते, सकाळी लख्ख ऊन पडते, सगळीकडे पांढरेशुभ्र दिसते आणि दोन दिवस तंबूत कोंडलेली मंडळी बाहेर येऊन फोटो काढू लागतात. सर्वांना वाटते की संकट टळले. प्रत्यक्षात आदल्या चोवीस तासांचे सगळे वजन उतारावर ताजे असते, आणि एप्रिल-मेचे ऊन इतके प्रखर असते की नवा बर्फ काही तासांतच ओला होतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांना सर्वांत आधी ऊन लागते, नंतर दक्षिणेकडच्या आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या. धोकाही त्याच क्रमाने फिरत जातो. उत्तरेकडचे उतार थंड राहतात, त्यामुळे तिथली कोरडी लादी उलट अधिक दिवस कच्ची राहू शकते.

या सकाळी डोळे आणि कान दोन्ही उघडे ठेवावेत. शेजारच्या उतारावरून बर्फ आलेला दिसणे ही सर्वांत मोठी सूचना आहे, आणि तिच्यानंतर दुसऱ्या पुराव्याची वाट पाहू नये. पाऊल टाकताच ‘धप्प’ असा दबका आवाज होऊन पायाखालचा बर्फ बसणे, किंवा बुटापासून सरळ चीर पळत जाणे, याचा अर्थ खालचा थर कोसळतो आहे. अशा वेळी आपल्याच पाऊलखुणांवरून मागे फिरावे. उन्हाने बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळू लागले, झाडांवरचा बर्फ गळू लागला किंवा बूट घोट्याच्या वर रुतू लागला, की उताराच्या वाटेचा दिवस संपला असे समजावे, मग घड्याळात सकाळचे साडेनऊच का वाजले असेनात.

दोन दिवस उलटल्यावर पुढे जायचे ठरले, तर रात्र मोकळ्या आकाशाची आणि गोठवणारी होती का, हे आधी पाहावे. पृष्ठभाग कडक गोठलेला आणि माणसाचे वजन पेलणारा असेल, तर पहाटे निघून ऊन चढण्याआधी पलीकडे पोहोचता येते. रात्रभर ढग राहिले असतील, तर बर्फ गोठलेला नसतो, आणि पहाटे निघाल्याचा उपयोग होत नाही. बर्फावर पाऊस पडला असेल, तर त्या दिवशी निघण्याचा विचारच करू नये.

वाट शक्यतो रुंद धारेवरून किंवा दाट झाडीतून काढावी. सह्याद्री-सातपुड्यात नाळेने, म्हणजे अरुंद घळीने, चढण्याची आपल्याला सवय असते, पण बर्फात नाळ हा सापळा ठरतो, कारण थोडा बर्फ सुटला तरी तो अरुंद जागेत खोल साचतो. शंकास्पद पट्टा टाळताच येत नसेल, तर एका वेळी एकानेच तो ओलांडावा, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवावेत, आणि बाकी सर्वांनी सुरक्षित जागी उभे राहून ओलांडणाऱ्यावर नजर खिळवून ठेवावी. थांबायची जागाही आधीच ठरवावी. घोळक्याने, बोलत, एकमेकांचे व्हिडिओ काढत असा पट्टा ओलांडणे फार महागात पडू शकते.

यात्रेकरूंसाठी नियम थोडे वेगळे आहेत, कारण त्यांना वाट निवडता येत नाही. केदारनाथच्या वाटेवर भैरव गदेरा आणि कुबेर गदेरा (गदेरा म्हणजे डोंगरी ओढा), आणि हेमकुंडच्या वाटेवर अटलाकोटी, ही बर्फ उतरण्याची माहीत असलेली ठिकाणे आहेत. तिथे बर्फ कापून वाट केलेली असते. प्रशासनाने वाट बंद ठेवली असेल, तर रांगेत वाद घालू नये. वाट सुरू असेल, तर सकाळी लवकर निघावे, बर्फाच्या भिंतीला टेकून बसू नये, लहान मुलांना हाताशी धरावे आणि तो टप्पा न थांबता पार करावा. गाडीने जाणाऱ्यांनी जिथे वरून नाला उतरतो आणि कडेला बर्फाचे ढीग आहेत, तिथे फोटोसाठी गाडी थांबवू नये, आणि परवानगी जिथपर्यंत आहे त्यापुढे नेण्याचा आग्रह चालकाला करू नये.

हे सर्व वाटाड्याला माहीत नसते असे नाही. पण स्थानिक वाटाडे अनेकदा गिऱ्हाइकाच्या नाराजीला भितात. ‘एवढे पैसे भरून आलो, आता खिंड नाही म्हणता?’ हे वाक्य ऐकल्यावर थांबण्याचा सल्ला देणे त्यांना जड जाते. म्हणून गटातील ज्येष्ठाने पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाकावे, ‘दादा, तुम्ही थांबा म्हणालात की आम्ही थांबू, पैशांचे काही बोलणार नाही.’ गटातील कोणाही एकाने नको म्हटले तरी सर्वांनी मागे फिरायचे, हेही त्याच वेळी ठरवून ठेवावे.

बर्फ अंगावर आला तर

ओरडून सोबत्यांना सावध करावे, कडेच्या बाजूला निसटण्याचा प्रयत्न करावा, झाड किंवा खडक हाताशी आल्यास धरावा, आणि वाहून जाऊ लागल्यास पृष्ठभागावर राहण्यासाठी सर्व शक्तीने झगडावे. वेग मंदावतो आहे असे वाटताच एक हात तोंडासमोर आणून श्वासासाठी पोकळी करावी आणि जमल्यास दुसरा हात वर काढावा, कारण बर्फ थांबल्याबरोबर तो इतका घट्ट बसतो की बोटही हलवता येत नाही.

सोबत्यांचे काम त्याच क्षणी सुरू होते. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी ज्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले जाते, त्यांतील दहापैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण तिघांत एकाच्या आसपास येते, आणि बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. म्हणजे हेलिकॉप्टर किंवा बचाव पथक नव्हे, तर शेजारी उभा असलेला माणूसच प्राण वाचवू शकतो. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा मनात पक्की करावी, वरून आणखी बर्फ येण्याची शक्यता आहे का हे पाहावे, आणि त्या जागेपासून खालच्या बाजूला शोध सुरू करावा. टोपी, मोजा, पिशवीचा बंद, बर्फाबाहेर आलेली बोटे, काहीही दिसले तर तिथे तपासावे. ट्रान्सीव्हर असतील, तर सर्व शोधकांनी आपापले यंत्र शोधण्याच्या स्थितीवर आणावे. एकाचे जरी संदेश पाठवत राहिले, तरी सर्वांची दिशाभूल होते. ही यंत्रे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी एकमेकांना ओळखतात. यंत्रे नसतील, तर काठ्यांच्या चकत्या काढून त्यांनीच टोचून पाहावे. मदत आणायला सर्वांनी मिळून निघून जाऊ नये.

प्रोब माणसाला लागला की तो तसाच रोवून ठेवावा आणि थेट वरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जावे. त्यामुळे बर्फ बाहेर टाकणे सोपे जाते आणि गाडलेल्या माणसावर आपले वजन पडत नाही. आधी चेहरा आणि छाती मोकळी करावी, तोंडातला बर्फ काढावा. श्वास थांबलेला असल्यास आधी पाच कृत्रिम श्वास देऊन मग छातीदाब सुरू करावा. बाहेर काढलेल्या माणसाला आडवेच ठेवावे, झटके न देता हलवावे, ओले कपडे काढून कोरड्या कपड्यांत आणि स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये, बेशुद्ध असल्यास काहीही पाजू नये. तो उठून बसला आणि मी ठीक आहे म्हणाला, तरी आतील दुखापत नंतर कळू शकते, म्हणून त्याला खाली रुग्णालयात न्यावेच.

फोनला रेंज असल्यास ११२, राज्य नियंत्रण कक्षासाठी १०७० आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक लावावेत, आणि ठिकाण, वेळ, किती जण गाडले गेले, किती जण बाहेर आहेत व हवामान कसे आहे, एवढे आधी सांगावे. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा तसा संदेशक दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदेशीर आहे, तेव्हा त्यावर विसंबू नये. रेंज शेवटची कुठे मिळते हे दररोज सकाळी वाटाड्याला विचारून वहीत लिहून ठेवावे, आणि घरच्यांकडे वाटेचा नकाशा, वाटाड्याचा क्रमांक आणि परतण्याची तारीख, राखीव दोन दिवस धरून, लिहून ठेवावी.